राखणदाराचा वाटा

आमचं सगळं घर दोन घोड्यांवर मावायचं. एका घोडीवर पीठमीठ, भांडीकुंडी आणि मेंढरं कोंडायची जाळी, जिला आम्ही वाघर म्हणतो. दुसरीवर घोंगड्या-वाकळा, आणि त्या वाकळांच्या ढिगावर पाय बांधलेल्या कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरं, कुत्र्याचं एखादं पिल्लू आणि चालून दमलेलं सगळ्यात लहान पोर. माझ्यानंतर आईचा पाळणा हलला नाही, त्यामुळे सगळ्यात लहान पोराची ती जागा कितीतरी वर्षं माझीच होती. एका काखेत कोकरू नि दुसऱ्या काखेत कोंबडी घेऊन मी डुलत बसायचे, आणि कोंबडीनं घाण केली की शिव्या मलाच पडायच्या. आता मी नाशिकला पंचवटीच्या बाजूला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. शेजारचं कुणी घर बदलायला निघालं की खाली मोठा ट्रक येऊन उभा राहतो, तरी त्यात सामान मावत नाही म्हणून नवरा-बायकोची भांडणं होतात, आणि मला गॅलरीत उभं राहून हसू आवरत नाही.

आमचं गाव सिन्नरच्या पूर्वेला, कुसळांचं नि दगडांचं. दिवाळी झाली की तिथं मेंढराला चघळायला काडी उरायची नाही. मग निघायचं. चार बिऱ्हाडांचा आमचा वाडा होता. वाडा म्हटलं की शहरातल्या लोकांच्या डोळ्यांपुढे चौक नि खांब येतात. आमचा वाडा म्हणजे रानात एकत्र उतरलेली माणसं, मेंढरं, घोडी नि कुत्री, बस्स. निफाडाकडून विंचूरकडे जाताना कांद्याची रानं मोकळी झालेली असायची, आणि शेतकरी आधीच सांगून ठेवायचे, यंदा मेंढरं आमच्याकडं बसवा. मेंढरं रानात बसली की लेंडी नि मूत जमिनीत जातं, दुसरं खत घालायला नको. त्याच्या बदल्यात आम्हाला बाजरी मिळायची, पाटाचं पाणी मिळायचं, आणि शेतकरी मनाचा मोठा असला तर गूळसुद्धा.

संध्याकाळी मेंढरं रानातून परतायची तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. दिवसभर डालग्याखाली, म्हणजे मोठ्या पालथ्या टोपलीखाली, कोंडलेली कोकरं आयांची चाहूल लागली की ओरडायला लागायची. तिकडून आया ओरडायच्या. डालगं उचललं की जो गोंधळ उठायचा त्यात शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. आणि गंमत अशी की इतक्या सगळ्यांत प्रत्येक कोकरू आपल्याच आईपाशी जायचं. एखादं चुकलं की मेंढी त्याला अशी ढुशी द्यायची की पुन्हा नाव काढायचं नाही. मग चुली पेटायच्या. बाजरीची भाकरी, खलबत्त्यात कुटलेली हिरवी मिरची, आणि मेंढीच्या दुधाचा घट्ट चहा, ज्यावर साय इतकी जाड यायची की फुंकर मारून बाजूला होत नसे. माझ्या सुनेच्या पिशवीतल्या दुधाच्या चहाला मी काही नावं ठेवत नाही, पिते गुमान.

आईला आम्ही बाई म्हणायचो नि वडिलांना तात्या. तात्या अबोल माणूस. दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलत असतील, त्यातली आठ मेंढरांशी. बोलायचं सगळं काम बाईकडे होतं. वाड्याचे कारभारी होते थोरले बाबा, म्हणजे तात्यांचे मोठे भाऊ. पांढऱ्या मिशा, लाल पागोटं, खांद्यावर कुऱ्हाड. कुठं उतरायचं, कधी निघायचं, कुठल्या मेंढीला डाग द्यायचा, सगळं त्यांच्या तोंडून. आणि आमच्यात रीत अशी की सुनेनं थोरल्या दिराशी तोंडावर बोलायचं नाही. डोक्यावरचा पदर पुढं ओढून घ्यायचा आणि जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. हा तिसरा म्हणजे मी. थोरले बाबा चार हातांवर बसलेले असायचे, बाईचं बोलणं त्यांना लख्ख ऐकू यायचं, तरी बाई मला म्हणायची, “गंगे, सांग तुझ्या थोरल्या बाबाला, भाकर निवंल म्हणावं.” मी मान वळवून सांगायचे, “बाबा, भाकर निवंल.” थोरले बाबा मला सांगायचे, “सांग तुझ्या आईला, आलोच.” मी परत मान वळवायचे. लग्न होऊन बाई त्या घरात आली त्याला पंधरा वर्षं होऊन गेली होती नि या दोघांत एक शब्द सरळ गेला नव्हता. माझी मान तेवढी दुखायची.

आता फौजदाराबद्दल सांगते. फौजदार हा आमचा कुत्रा. काळाभोर, छातीवर पांढरा पट्टा, आणि चाल अशी की जणू हद्दीची पाहणी करायला निघालाय, म्हणून बाईनंच ते नाव ठेवलं. त्याची आईही आमच्याच वाड्यावरची. ती लांडग्याशी झुंजताना मेली तेव्हा याचे डोळे नुकते उघडले होते. बाईनं कापडाची वात मेंढीच्या दुधात बुडवून त्याला पाजलं, पदरात गुंडाळून घोडीवरून नेलं. तीन वर्षांत तो वासराएवढा झाला, पण झोपायचा तो बाईच्या उशाशीच. बाई भाकरी थापत असली की शेजारी बसून तिचा कोपर चाटायचा, आणि बाई त्याच पिठाच्या हातानं त्याच्या डोक्यावर थापटी मारायची, “सरक मुडद्या, चूल दिसू दे.”

वाड्यावर मेंढरू कापलं, किंवा एखादं आजारानं गेलं, की सोलताना पहिल्यांदा त्याचं काळीज, म्हणजे लिव्हर, बघायचं. चांगलं निघालं तर ते निखाऱ्यावर भाजून थोरल्या बाबांपुढं ठेवायचं, तो कारभाऱ्याचा मान. पण पुष्कळदा काळजात पाण्यानं भरलेले पांढरे फोड निघायचे. तसलं काळीज माणसानं खायचं नाही, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक. मग ते कुत्र्याचं. त्याला म्हणायचं राखणदाराचा वाटा. तो वाटा असाच भिरकावून द्यायचा नाही, थोरल्या बाबांनी उठून आपल्या हातानं द्यायचा, आणि तो दिल्याशिवाय वाड्यावर कुणी घास घ्यायचा नाही. थोरले बाबा म्हणायचे, “लांडगा आला तर आपुन अंथरुणात असतो अन् हे उभं असतंय. त्याचा वाटा आधी.” मला ते ऐकताना फार बरं वाटायचं. फौजदार ठरलेल्या जागी बसायचा, शेपटी जमिनीवर आपटायचा, आणि वाटा मिळाला की एका घासात गट्ट.

त्या साली विंचूरजवळ रामभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या रानात आमचा वाडा बसला होता. बाईच्या उजव्या बरगडीखाली दुखायचं हे मला आधीपासून माहीत होतं, कारण ती बसल्या बसल्या तिथं मूठ दाबून धरायची. आदल्या पावसाळ्यात ते वाढलं. मग हाताला गोळा लागायला लागला. बायकांनी हिंग लावून पाहिला, पोट चोळून पाहिलं. थोरल्या बाबांनी सांगितलं, “डाग देऊ. मेंढरं बरी व्हतात तर माणूस का व्हणार नाय?” तापवलेली सळई पोटाला लावायची, हा आमच्याकडचा जालीम उपाय. बाई पदराआडून फणकारली, “गंगे, सांग तुझ्या थोरल्या बाबाला, मी काय लंगडी मेंढी हाय का म्हणावं?” मला ते सांगायचं धाडस झालं नाही. सांगायची गरजही नव्हती. थोरले बाबा मिशीतल्या मिशीत हसले नि सळई तशीच राहिली.

एका सकाळी वाघर एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात हलवायची होती. बाईनं जाळीची एक बाजू उचलली आणि उचलल्या जागीच खाली बसली. तोंड पांढरंफटक, ओठ दातांत धरलेले. मी धावले तर म्हणाली, “काय नाय गं, जरा बसते,” आणि आडवीच झाली. फौजदार तिच्याभोवती घिरट्या घालायला लागला, कुणाला जवळ येऊ देईना. रामभाऊंचा टेम्पो कांदे भरून उभा होता. रामभाऊ म्हणाले, “तात्या, बाजारसमितीला उद्या जाता येईल. आधी हिला नाशिकला घाला.” गोणींच्या मध्ये घोंगडी अंथरून बाईला निजवलं. द्वारकेच्या चौकात टेम्पो अडकला तेव्हा चहूबाजूंनी हॉर्न, धूर, माणसं, आणि बाई डोळे मिटून म्हणत होती, “गंगे, कोकरं सोडायची वेळ झाली का बघ गं.” मी तेरा-चौदा वर्षांची होते. तोवर मला वाटायचं आई ही वस्तू मरत नसते. त्या चौकात मी तिचा हात धरला तो दवाखान्यापर्यंत सोडला नाही. आजही रिक्षा द्वारकेला थांबली की मी उगीच डोळे मिटून घेते, रिक्षावाल्याला वाटतं म्हातारीला चक्कर आली.

मोठ्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, उंच, चष्म्याच्या, बोलायला तोडून टाकल्यासारख्या. त्यांनी बाईचं पोट दाबून पाहिलं, मशीन फिरवून पाहिलं, आणि तात्यांना पहिला प्रश्न विचारला, “मामा, घरी मेंढ्या आहेत का?” तात्यांनी आपल्या घोंगडीकडे पाहिलं, म्हणजे हे काय विचारणं झालं. “हायेत.” “कुत्रा?” तात्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं डॉक्टरीणबाई आपली टिंगल करतात, धनगर बघून. “हाय. मेंढराच्या मागं कुत्रं असणारच की.” “मेंढी कापता तेव्हा आतलं कुत्र्याला घालता?” आता मात्र तात्या हबकले. वाड्यावरची गोष्ट या चष्मेवालीला कुणी सांगितली? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काळजात पाण्याची गाठ आहे. कापून काढावी लागेल. आत फुटली तर जिवावर बेतेल, म्हणून उशीर करायचा नाही.” तात्यांनी अंगठा उठवला नि भिंतीला टेकून खाली बसले.

ऑपरेशन झाल्यावर एक नर्स स्टीलच्या ताटलीत काहीतरी घेऊन बाहेर आली, बघा म्हणाली. मी तात्यांच्या मागून वाकून पाहिलं. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा जाड पापुद्रा, आणि त्यात लहानमोठ्या द्राक्षांसारखे पाण्याचे फोड. तात्यांनी आयुष्यात किती मेंढरं सोलली असतील कोण जाणे. त्यांनी ते पाहिलं आणि माझा खांदा असा घट्ट धरला की दुखलं. “गंगे,” ते म्हणाले, “हे तर मेंढराच्या काळजातलं. हे हिच्यात कुठून आलं?”  तात्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं, पुन्हा कधी नाही.

कुठून आलं ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पण तात्या इतके घाबरले होते की त्यांच्या कानात शिरलं फक्त “कुत्र्यामुळे”. मला बाईच्या उशाशी बसवून ते वाड्यावर गेले आणि तेवढा एकच शब्द तिथं टाकून दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन परत आले. बाई शुद्धीवर आली होती. आवाज निघत नव्हता, तरी पहिलं काय विचारावं? “फौजदार जेवला का?” शेजारच्या खाटेवरची म्हातारी दचकून बघायला लागली, यांच्या घरी पोलीस जेवायला असतात की काय! मला हसू आलं, पण तात्या हसले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, “दादा म्हणाला, त्या कुत्र्याला आता ठेवत नाय. घरधनिणीला खाणारं जनावर वाड्यावर नको. आज नायतर उद्या तुकडा पाडतो म्हणाला.” थोरल्या बाबांनी एकदा म्हटलं की म्हटलं, हे आम्हाला ठाऊक होतं. बाईनं उठायचा प्रयत्न केला. टाके ताणले, ती कळवळली, पण मागं पडेना. “गंगे,” ती म्हणाली, आणि तिथंसुद्धा तिचा हात डोक्यावरच्या पदराकडे गेला, “सांग तुझ्या थोरल्या बाबाला. त्याला वाकडा हात लावला तर मी वाड्यावर पाय ठेवणार नाय म्हणावं. इथंच मरन.”

डॉक्टरीणबाई फेरीवर होत्या, त्यांनी हे सगळं ऐकलं. मला वाटलं आता ओरडतात. त्या खाटेच्या कडेला टेकल्या. “कुत्रा केवढा आहे?” मी म्हणाले, “तीन वर्षांचा.” “आणि ही गाठ आजची नाही. इतकी मोठी व्हायला कितीतरी वर्षं लागतात. तो जन्मलाही नसेल तेव्हा. आणि मारून काय होणार, उद्या दुसरा पाळाल, त्यालाही तेच घालाल.” मग त्यांनी तात्यांना पुन्हा पहिल्यापासून समजावलं, या खेपेला सावकाश. मेंढीच्या काळजातला फोड कुत्र्यानं खाल्ला की त्याच्या आतड्यात बारीक जंत होतात. त्याचं कुत्र्याला काही वाटत नाही. पण त्या जंतांची अंडी त्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात, पाण्यात जातात, त्याच्या केसांना, जिभेला लागतात. ते गवत मेंढी खाते, तिला फोड होतात. तेच आपल्या हाताला लागून पोटात गेलं की आपल्याला. “जनावरांच्या डॉक्टरांकडे जा. कुत्र्याला गोळी मिळते. आणि ते फोड त्याच्या तोंडी जाऊ देऊ नका, एवढंच.” तात्यांनी बोटांवर एकेक मोजलं. मग म्हणाले, “म्हंजी आमचं, मेंढराचं अन् कुत्र्याचं पोट एकच हाय.” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आणि तुमच्या रानाचंही.”

मी तात्यांच्या मागं लागले, आत्ताच्या आत्ता चला. बाईजवळ त्या शेजारच्या म्हातारीला बसवलं नि आम्ही एसटी पकडली. ती एसटी! प्रत्येक थांब्याला थांबायची, कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालायचा, आणि मी मनात बिरोबाला म्हणत होते, देवा, बाबांची कुऱ्हाड बोथट कर. विंचूरला उतरून रानापर्यंत पळत गेले. वाड्यावर दुपारची शांतता होती. मेंढरं लिंबाच्या सावलीला डोकी खाली घालून उभी होती. फौजदार नव्हता. थोरले बाबाही नव्हते. चुलीपाशी बसलेली चुलती माझ्याकडे बघेना. म्हणाली, “सकाळीच दोर लावून पाटाकडं नेलाय. कुऱ्हाड बी संगं व्हती.”

मी बांधावर जाऊन बसले. रडायलाही येत नव्हतं. दवाखान्यात जाऊन बाईला काय सांगू, एवढंच डोक्यात. हरभऱ्याच्या रानावर ऊन तापलं होतं, दूर कुठं इंजिन फुकफुकत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पाटाच्या अंगानं काहीतरी काळं हललं. आधी दिसली शेपटी, झेंड्यासारखी वर केलेली. फौजदार पुढं, नेहमीच्या ऐटीत, आणि त्याच्या मागं थोरले बाबा, खांद्यावर कुऱ्हाड नि हातात गुंडाळलेला दोर. मी फौजदाराच्या गळ्यात पडले. थोरले बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “दोर तुटला.” दोर चांगला धडधाकट होता, कुठं धागासुद्धा सुटला नव्हता. ते चुलीपाशी जाऊन बसले नि चहा मागितला. माझ्या मागून पोचलेल्या तात्यांनी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली फोडाची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. चहा अर्धा झाल्यावर आपल्याच हाताकडे बघत पुटपुटले, “तेच्या तोंडात कोण घालत व्हतं? म्याच ना.” 

जनावरांचे डॉक्टर दोन दिवसांनी मोटारसायकलवर आले. गोल चेहऱ्याचे, घामाघूम. वाड्यावरच्या सगळ्या कुत्र्यांना त्यांनी भाकरीत लपवून गोळ्या दिल्या. फौजदारानं भाकरी खाल्ली नि गोळी बाजूला थुंकली, तीन वेळा. शेवटी थोरल्या बाबांनी त्याचा जबडा उघडून धरला. डॉक्टरांनी सांगितलं, दोन-तीन दिवस कुत्री बांधून ठेवा, त्यांची घाण खोल पुरा, पाटाच्या काठावर मेंढरू सोलू नका, तेच पाणी तुम्ही पिता नि खालच्या वस्तीवरचे लोकही पितात. इथवर थोरले बाबा हूं हूं करत होते. पण डॉक्टर म्हणाले, “फोडाचं काळीज पुरून टाकायचं, हातभर खड्डा करून,” तेव्हा ते ताठ झाले. “राखणदाराचा वाटा पुरायचा? सायेब, बापजाद्यांपासून चाललंय. त्याचा वाटा मातीत घातला तर त्यानं लांडग्यावर का जावं?” डॉक्टर बिचारे कपाळ पुसून निघून गेले. थोरले बाबा पुरतो म्हणाले नाहीत नि नाही म्हणूनही बोलले नाहीत.

बाई परत आली तेव्हा ऊन चटकायला लागलं होतं. रामभाऊंनी टेम्पो पार वाघरीपर्यंत आणला. ती इतकी वाळली होती की लुगडं अंगावर नुसतं टांगल्यासारखं दिसत होतं. फौजदारानं तिला लांबून ओळखलं आणि धावत आला तो थेट अंगावर. तिनं त्याला कुरवाळलं, शिव्या घातल्या, डोळे पुसले, आणि मग पिशवीतून लाल साबणाची वडी काढून माझ्या हातात दिली. “घाल पाणी.” दवाखान्यानं तिला ती सवय लावली होती. कुत्र्याला हात लावला की धुवायचे, भाकरीआधी धुवायचे. बायका तिला हसल्या, बामणीण झाली म्हणाल्या. ती म्हणाली, “पोट कापून घ्या, तुमी बी व्हाल.” पुढं मी अंगणवाडीत नोकरी केली, जन्मभर पोरांचे हात धुतले, पण साबणाची माझी पहिली मास्तरीण माझी आईच.

थोरल्या बाबांनी बाईसाठी बिरोबाला मेंढ्याचा नवस बोलला होता. तो मेंढा दुसऱ्या दिवशी कापला, पाटापासून लांब, बांधाच्या पलीकडे. सगळा वाडा गोळा झाला, रामभाऊही बायकोला घेऊन आले. तात्यांनी काळीज काढलं, उलटं करून पाहिलं, नि त्यांचा हात थांबला. मधोमध फोड होता, बोराएवढा. बाकीचं काळीज लालभडक, चांगलं. तात्यांनी ते तसंच ताटलीत ठेवून थोरल्या बाबांपुढं केलं. फौजदार आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसला होता. शेपटी जमिनीवर आपटत होती, धप्, धप्.  बाई चुलीपाशी पदर पुढं ओढून बसली होती, पण भाकरी थापायची थांबली होती.

थोरले बाबा ताटली घेऊन उठले. फौजदाराजवळ गेले. त्याच्यापुढं थोडा वेळ उभे राहिले, त्याच्याशी काहीतरी बोलले, काय ते कुणाला ऐकू आलं नाही. मग वळले, बांधाच्या कडेला गेले, कुऱ्हाडीनं खड्डा घेतला, चांगला कोपरभर, आणि ते काळीज, फोडासकट सगळंच्या सगळं, त्यात घालून माती लोटली, वर काट्यांची फांदी टाकली, वर दगड ठेवला. फौजदार बघतच राहिला. शेपटी थांबली. त्याच्या तोंडावरचं आश्चर्य मला अजून दिसतं, माणसाला पगार नाकारल्यावर होतं तसं.

मटण शिजल्यावर थोरल्या बाबांनी चुलीवरचं पातेलं उघडायला लावलं. त्यांच्या मानाचं काळीज तर गेलंच होतं. दुसरा मान पुढच्या फऱ्याचा, म्हणजे खांद्याच्या मांसाचा, तो शिजलेला मऊसूत तुकडा त्यांच्या थाळीत वाढला. त्यांनी तो थाळीतून उचलला, फुंकर घालून निववला, आणि आपल्या हातानं फौजदारापुढं धरला. “घे रं,” ते म्हणाले, “वाटा तुझाच हाय. माल बदललाय.” फौजदारानं एकदा हुंगलं नि एका घासात गट्ट केलं. शिवाय थोरल्या बाबांची बोटं, तळवा, मनगट, सगळं साफ चाटून काढलं. सगळे हसले. थोरले बाबा तोच हात धोतराला पुसत थाळीकडे वळले.

माझी नात हल्ली एक झिपरं कुत्रं पलंगावर घेऊन झोपते. मी पहिल्यांदा विचारते, त्याला जंताची गोळी दिली का, मगच त्याला मांडीवर घेते. ती म्हणते, आजी, तू किती घाबरतेस. घाबरत नाही गं बाई. मला दर वेळी तो क्षण आठवतो.

थोरले बाबा थाळीवर बसले, भाकरी मोडायला त्यांनी हात पुढं केला, आणि चुलीपाशी बाई उठून उभी राहिली. मी सवयीनं मान तिच्याकडे वळवली, आता निरोप येणार म्हणून. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. पाण्याचा तांब्या नि साबणाची वडी घेऊन ती सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली, पदर डोक्यावर होता पण तोंड उघडं होतं, आणि म्हणाली, “बाबा, हात धुवा.”

 थोरल्या बाबांनी वर पाहिलं. क्षणभर मला वाटलं आता काही खरं नाही. मग त्यांनी थाळी बाजूला सारली, दोन्ही हात लहान पोरासारखे पुढं केले, आणि बाईनं वरून पाणी घातलं.